शेवटच्या सात मिनिटांतलं ‘टक्’

त्या सभागृहात आवाज करायचा हक्क फक्त रंगमंचावरच्या माणसाला, आणि तोही दारावरच्या बाईंनी दारं लावून घेतल्यावर, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं. पाठीमागं आपल्याला ‘चिडीचूप बाई’ म्हणतात हेही ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, उलट मनातल्या मनात बरंच वाटायचं. एकोणीस वर्षं एकाच दारावर काढून माणसाला साधं टोपणनावसुद्धा मिळू नये, तर मग मिळवलं काय!

सभागृह काही फार मोठं नव्हतं. तीनशे वीस खुर्च्या, मागं तीन दारं, आणि प्रत्येक दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या. वादन सुरू झालं की बाई सहाही कड्या आतून लावून घ्यायच्या, म्हणजे उशिरा येणारा कुणी शहाणा मध्येच दार ढकलून उजेडाची तिरीप आत सोडणार नाही. कड्या वाजू नयेत म्हणून त्यांना जुन्या लोकरी मोज्यांचे तुकडे शिवले होते. स्वतः शिवले होते, आणि दर सहा महिन्यांनी बदलायच्या. कार्यक्रम संपायला सात मिनिटं उरली की बाई डाव्या दाराजवळ भिंतीला ठोकलेल्या आपल्या घडीच्या खुर्चीवरून उठायच्या आणि एकेक करत सहा कड्या काढायच्या. टाळ्या पडल्या की दारं उघडी, गर्दी नाही, चेंगराचेंगरी नाही. घड्याळ बघायची गरज नसायची. कुठल्या वादनाची कुठली जागा आली की सात मिनिटं उरतात, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

लोकांना शिस्त लावायची त्यांची तऱ्हाही वेगळी होती. ओरडणं नाही, शुक्‌शुक् नाही. बोलणाऱ्याच्या खांद्यावर मागून दोन बोटं टेकवायची, बस्स. तेवढ्यानं भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. खोकणाऱ्यांवर मात्र त्यांचा राग नव्हता. “खोकला, शिंक हे देवाघरचं,” त्या म्हणायच्या, “गोळीचा कागद माणसानं केलेला.” म्हणून दारापाशी त्या एक पत्र्याचा डबा ठेवायच्या. आत कापडाचं अस्तर, त्यात कागद काढून ठेवलेल्या खोकल्याच्या गोळ्या. ज्याला लागेल त्यानं जाताना दोन उचलाव्यात. मध्येच टाळ्या वाजवणाऱ्या नवख्या माणसालाही त्या काही म्हणत नसत. बिचाऱ्याला आवडलं म्हणूनच वाजवल्या ना? खरा वैरी म्हणजे जाणकार. पायानं ताल धरणारा, शेजारणीच्या कानात “आता बघ हं, पुढं काय येतं” म्हणून पुढचं सांगून टाकणारा. त्याच्या खांद्यावर बोटं जरा जोरातच पडायची.

तर अशा या बाईंच्या राज्यात एका संध्याकाळी ‘टक्’ झालं.

ती काही साधी संध्याकाळ नव्हती. शहात्तर वर्षांच्या एक पियानोवादिका तीन दिवस, रोज संध्याकाळी, तोच कार्यक्रम करणार होत्या. बोटांचे सांधे आखडायला लागले होते, तेव्हा यानंतर पियानोचं झाकण कायमचं बंद, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. तिन्ही दिवस ध्वनिमुद्रण व्हायचं होतं, आणि सगळ्यांचा जीव अडकला होता तो शेवटच्या रचनेत. अकरा मिनिटांची संथ रचना. शेवटाकडं तर इतकी हळू होत जायची, की पुढचा सूर येणार की नाही याचीच वाट बघत बसावं. रिकाम्या सभागृहात एकदा वाजवून द्या, म्हणजे बिनघोर होईल, असं व्यवस्थापकांनी सुचवून पाहिलं. वादिका म्हणाल्या, “खुर्च्यांना वाजवून दाखवायला मी काय सुतार आहे?” विषय संपला.

पहिल्या दिवशी लोक निघून गेल्यावर व्यवस्थापकांनी बाईंना बोलावलं. ध्वनिमुद्रण करणारी मुलगी गळ्यात हेडफोन अडकवून शेजारी उभी होती.

“बाई, शेवटच्या रचनेत ‘टक्’ झालंय,” ती म्हणाली. “मागून, डाव्या बाजूनं. संपायच्या सातेक मिनिटं आधी.”

“शक्य नाही,” बाई म्हणाल्या.

“आहे, बाई. ऐन शांत जागी आहे. काढायला गेलं तर सूरही जातो.”

“मी काही ऐकलं नाही.”

हे म्हणताना बाईंना स्वतःचंच नवल वाटलं. चौथ्या रांगेतल्या पिशवीची चेन दोन बोटं जरी सरकली तरी कळणारा हा कान! आणि डाव्या बाजूला मागं, म्हणजे त्यांच्या नाकासमोर, ‘टक्’ होतं आणि त्यांना पत्ता नाही?

“अजून दोन दिवस आहेत,” व्यवस्थापक म्हणाले. “आवाज कुणाचा ते शोधा. तिसऱ्या दिवशीही हेच झालं, तर ती रचना गेली. त्या परत वाजवणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी घरातलं टेबल रिकामं केलं आणि त्यावर वस्तू मांडायला घेतल्या. पेन, चष्म्याचं घर, पाकीट, छत्री, सुनेची पर्स, औषधाची डबी. नऊ वर्षांच्या नातीला डोळे मिटून समोर बसवलं.

“आजी, हा खेळ आहे का?”

“खेळच समज. ‘टक्’ असा आवाज आला की हात वर कर. ‘खट्’ आला तर नाही, ‘कट्’ आला तरी नाही.”

पेनाचं टोपण ‘टिक्’ निघालं. चष्म्याचं घर ‘ठप्’. पाकिटाचं बटण ‘टच्’. छत्रीनं तर आवाजाबरोबर फुलदाणीच खाली पाडली. सून स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, “आई, चोर सापडायच्या आधी घर मोडू नका म्हणजे झालं.” बाईंना हसू आलं, पण शोध काही थांबेना. त्यांना आता नुसता राग उरला नव्हता, उत्सुकता लागली होती. अंधारात, हात न हलवता, शेजारच्यालाही कळू न देता माणूस असं करतो तरी काय?

मग काहीतरी आठवून त्या “चला” म्हणत उठल्या.

“कुठं चला?” नातीनं लगेच कमरेवर हात ठेवून त्यांची नक्कल केली. “आजी उठली की ‘चला’. पाणी प्यायला ‘चला’, पंखा लावायला ‘चला’. कुठं जात तर नाहीस!”

“गुडघे दुखायला लागले की तूही म्हणशील,” बाई म्हणाल्या आणि कपाटातून सासऱ्यांचं जुनं घड्याळ काढून आणलं. खिशात ठेवायचं, साखळीचं, वर झाकण असलेलं. त्यांनी झाकण दाबलं.

टक्.

नातीचा हात ताडकन वर गेला.

बाई तशाच उभ्या राहिल्या. कारण असं घड्याळ वापरणारा माणूस त्या सभागृहात एकच होता, आणि तो डाव्या बाजूला, शेवटच्या रांगेत, बाईंच्या खुर्चीपासून चार हातांवर बसायचा. सभागृहामागच्या गल्लीतले घड्याळजी. सत्तरी ओलांडलेला, सडपातळ, मितभाषी माणूस. बाई नोकरीला लागायच्या आधीपासून तीच जागा धरून बसणारा. या वादिकेचं तर एकही वादन त्यांनी चुकवलं नव्हतं. आणि बाई शेवटच्या सात मिनिटांना उठल्या की त्यांना सगळ्यात आधी काय दिसायचं? घड्याळजींच्या तळहातावर उघडलेलं घड्याळ. दर वेळी, न चुकता! एकोणीस वर्षं ते डोळ्यांसमोर होतं आणि कधी डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणतात ना, काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्या संध्याकाळी घड्याळजी नेहमीप्रमाणे पाऊण तास आधी आले. बाईंनी त्यांच्यासमोर हात आडवा धरला.

“घड्याळ इथं ठेवून जा.”

घड्याळजींना आधी कळलंच नाही. “काय ठेवू?”

“घड्याळ. झाकणाचा आवाज होतो तुमच्या. काल शेवटच्या रचनेत ‘टक्’ झालंय. ध्वनिमुद्रण वाया गेलं.”

मागं रांगेत वीस-पंचवीस माणसं उभी होती. कुजबूज सुरू झाली. “अच्छा, हे होय ते!” असं एक जण मोठ्यानं म्हणाला. घड्याळजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी बाईंकडं पाहिलं, मग बाईंच्या खांद्यावरून आत, भिंतीकडं पाहिलं. 

“घड्याळ मी कुणाच्या हातात देत नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मग आत सोडता येणार नाही.”

“बरं.”

त्यांनी तिकीट बाईंच्या हातात ठेवलं, त्याचा एक कोपरा दुमडला होता तो अंगठ्यानं सरळ केला आणि पायऱ्या उतरून गेले. भांडण नाही, आवाज नाही. बाईंना खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खोट्या माणसानं थोडं तरी भांडावं, अशी त्यांची अपेक्षा होती. ते तिकीट त्यांनी टाकलं नाही. खिशात ठेवलं.

कार्यक्रम सुरेख चालला. कुणी खोकलं नाही, कुणाची पिशवी वाजली नाही. शेवटच्या रांगेत डावीकडची एक खुर्ची तेवढी रिकामी होती, आणि बाईंची नजर पुन्हा पुन्हा तिथंच जात होती. शेवटची रचना आली. चार मिनिटांनी ती ओळखीची जागा आली, जिथं उजवा हात थांबतो आणि डावा एकटाच चालत राहतो. बाई उठल्या, पहिल्या दारापाशी गेल्या आणि कड्या काढू लागल्या. झालं एकदाचं, त्यांच्या मनात आलं. आज ‘टक्’ नाही.

लोक पांगल्यावर ध्वनिमुद्रणवाली मुलगी समोर येऊन उभी राहिली. 

“झालं, बाई. परत. त्याच जागी.”

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला बाई ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हजर होत्या. “मला ऐकव,” त्या म्हणाल्या. “जेवढं मोठं करता येईल तेवढं करून.”

मुलीनं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. आधी नुसता श्वास, तीनशे माणसांचा एकत्र. मग पियानो, इतका जवळ की वादिकेची नखंसुद्धा ऐकू येत होती. उजवा हात थांबला. डावा एकटा चालू लागला. आणि मग,

टक्.

बाईंनी डोळे मिटून घेतले. आवाज लाकडाचा होता. लाकडाचा लाकडावर. घड्याळाचा असणं शक्यच नव्हतं.

“त्याच्यामागं अजून काहीतरी आहे,” मुलगी सांगत होती. “फार बारीक. मला वाटतं पियानोच्या पायाखालच्या पेडलचा श्वास असेल. परत लावते.”

तिनं परत लावलं. टक्. आणि त्याच्या पाठोपाठ, दमलेल्या, समजूतदार, घरगुती आवाजात कुणीतरी म्हणालं,

“चला.”

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.  भिंतीला ठोकलेली ती त्यांची घडीची खुर्ची, माणूस उठला की आपोआप वर जाऊन भिंतीला टेकणारी. कड्यांना मोजे शिवले, गोळ्यांचे कागद काढले, सगळ्या जगाला गप्प केलं, आणि स्वतःच्या बुडाखालच्या फळीकडं कधी लक्षच गेलं नाही. स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येतं का! त्या उठायच्या, खुर्ची ‘टक्’ करायची, त्या ‘चला’ म्हणायच्या, आणि मग समोर बघायच्या तर घड्याळजींच्या हातात घड्याळ. एवढ्यावर त्यांनी त्या सज्जन माणसाला चारचौघांत दारातून परत पाठवलं होतं. बाईंना इतकी लाज वाटली, की काही वेळ त्यांना मान वर करवेना.

पण त्या लाजेतूनही एक गोष्ट डोकं वर काढत होतीच. “मागचं एखादं आहे का ग? पाच वर्षांपूर्वीचं?”

नोंदीपुरत्या ठेवलेल्या, कुणी कधी कान लावून न ऐकलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मुलीनं शोधलं. एका गायिकेची मैफल होती. शेवटाकडं, आवाज अगदी झिरझिरीत झालेला असताना, ‘टक्’, ‘चला’. अकरा वर्षांपूर्वीचं व्हायोलिन: ‘टक्’, ‘चला’. तेव्हाचा ‘चला’ जरा तरणा होता, एवढाच फरक. सतरा वर्षांपूर्वीच्या चार वादकांच्या मैफलीत नुसतंच ‘टक्’ होतं.

“तेव्हा गुडघे बरे होते,” बाई म्हणाल्या.

मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं. हळूहळू तिच्या लक्षात आलं, आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. हसू आवरताना ती खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

व्यवस्थापकांना बाईंनी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. “खुर्चीला तेल घाला,” ते शेवटी म्हणाले.

“खुर्चीला घालता येईल. तोंडाला काय घालू?” बाई म्हणाल्या. “आज मी बसणारच नाही. दोन तास उभी राहीन, म्हणजे उठायचा प्रश्न नाही.”

तिथून त्या तडक मागच्या गल्लीत गेल्या. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात वाकून बघत होते. भिंतीवरची सतरा-अठरा घड्याळं आपापली वेळ सांगत होती.

“बसा,” त्यांनी मान वर न करता म्हटलं.

“नको. बसलं की उठावं लागतं.”

घड्याळजींनी भिंग काढलं. “कळलं तर.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“बाई, माझा धंदा काय?” ते म्हणाले. “कुठलं चाक कुठं अडकतंय ते मी कानानं ओळखतो. आधी टक्. मग तुमचं ‘चला’. की मी घड्याळ काढतो. सात मिनिटं. कधी पावणेसात. एकदा साडेआठ झाली होती, पण तेव्हा वाजवणाराच पुढचं विसरून मागं गेला होता.”

“म्हणजे तुम्ही माझ्यामुळं...”

“तुम्ही किती बरोबर उठता ते बघायला. दुसरं काय? गंमत वाटायची. भिंतीवरच्या या सगळ्यांपेक्षा तुम्ही बऱ्या चालता.” त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, बाईंच्या कानापाशी नेलं आणि झाकण उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. “आतली खाच घासून ठेवलीय. पहिल्यांदा आलो तेव्हा वाजलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या कुणा एकीनं वळून असं काही बघितलं, की घरी जाऊन आधी ते काम केलं.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग परवा एका शब्दानं सांगायचं नाही का? ... काल, काल म्हणायचंय मला. दारात.”

“तुम्ही विचारलंत कुठं?” घड्याळजी म्हणाले. “तुम्ही सांगितलंत.”

घड्याळं चालू होती. 

“आणि तेवढ्या लोकांसमोर मी काय म्हणणार होतो? बाई, ती तुम्हीच? एकाची शोभा झाली तेवढी पुरे होती.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “पण राग आला. खोटं कशाला बोलू, अजून आहे. तिचं एक वादन गेलं माझं. आता ते परत येणार नाही.”

“नाही येणार,” बाई म्हणाल्या. “चूक माझी. साफ माझी. राग असू दे, राग घेऊनच या. पण आज या.” त्यांनी खिशातून कालचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. “जागा तीच. मी कुणाला बसू देणार नाही.”

घड्याळजींनी तिकिटाचा तो दुमडलेला कोपरा पुन्हा एकदा सरळ केला. मग, अगदी सहज विचारल्यासारखं, पण काल रात्रीपासून तेच मनात असल्यासारखं विचारलं, “काल शेवट कसा केला तिनं? तो अखेरचा सूर धरून ठेवते, की सोडून देते?”

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगता येणार नाही.

“मी कड्यांपाशी होते.”

“परवा?”

“परवाही.”

“आणि त्याच्या आधी?”

“शेवटची सात मिनिटं मी कड्यांपाशीच असते,” बाई म्हणाल्या. “कान असतात, पण ते लोकांवर. वाजवण्यावर नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.”

घड्याळजी त्यांच्याकडं बघत राहिले. एखादं कधीच न उघडलेलं घड्याळ समोर यावं, तसं.

संध्याकाळी ते आले. दारात बरीच कालचीच माणसं होती. बाईंनी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “या, घड्याळजी. कालचा आवाज तुमचा नव्हता, माझ्या खुर्चीचा होता. मी तुम्हाला उगाच बोलले.” कुजबूज झाली, एक-दोघं हसले. काल “अच्छा, हे होय ते” म्हणणाऱ्या गृहस्थांनी गोळ्यांच्या डब्यात नको तितका वेळ हात घातला.  घड्याळजी आत जाता जाता थांबले, घड्याळ काढलं आणि साखळीसकट बाईंच्या हातात ठेवलं.

“आज वेळ तुम्ही बघा,” ते म्हणाले. “मला नुसतं ऐकायचंय.”

बाईंनी चपला बाहेरच काढल्या. घडीची खुर्ची दोरीनं भिंतीला बांधून टाकली होती. त्या मधल्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. तासाभरानं गुडघे बोलायला लागले, पण ते बाईंनाच ऐकू येण्यासारखं बोलत होते. दुसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं, त्यांनी मान वळवली नाही. आज सगळी धास्ती स्वतःचीच होती. ओठ घट्ट मिटून, हातात उघडं घड्याळ धरून त्या उभ्या होत्या.

शेवटची रचना सुरू झाली. उजवा हात थांबला. डावा एकटा चालू लागला. सात मिनिटं. बाईंच्या पायानं सवयीनं पहिलं पाऊल उचललंही. पण तेवढ्यात शेवटच्या रांगेत घड्याळजींनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. ‘टक्’ आलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांची सवय त्यांनाही होतीच. दोघांची नजरानजर झाली. बाईंनी पाऊल खाली ठेवलं, अगदी हलकेच, आणि एक क्षण थांबू या म्हणून थांबल्या.

आणि मग त्यांना ऐकू आलं. डाव्या हातानं जे एकट्यानं म्हटलं होतं, तेच उजवा हात परत येऊन हळूच विचारत होता. असं काही इथं आहे, हे बाईंना माहीतच नव्हतं. कड्या काढताना हा त्यांना नुसता वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंतचा वेळ वाटायचा. आता त्यात एक माणूस बोलत होता आणि दुसरा ऐकून घेत होता. आता पुढं काय, आता पुढं काय, असं होऊन बाई चक्क पायांच्या बोटांवर उभ्या राहिल्या. शेवटचा सूर वादिकेनं धरून ठेवला नाही आणि सोडलाही नाही. तिनं तो वाजवला, आणि तो कधी संपतो ते बघत तीही इतरांसारखी ऐकत बसली. तीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. बाई रडत होत्या, पण आवाज नव्हता.

ते ध्वनिमुद्रण नंतर निघालं. शेवटची रचना स्वच्छ आहे. अकरा मिनिटांत ना खोकला, ना कागद, ना ‘टक्’. मग टाळ्या आहेत, खूप वेळ. ऐकणारे बहुतेक तिथंच बंद करतात. पण कुणी बंद करायला विसरलं, तर टाळ्या ओसरल्यावर पुढं अजून थोडं ऐकू येतं. त्या मुलीनं ते कापलं नाही. खुर्च्या वर होतात, पावलं वाजतात, माणसं मागं जमा होतात आणि थबकतात. कुणीतरी दार ओढून बघतं. “अहो, बंद आहे!” “तिन्ही बंद आहेत!” आणि मग या सगळ्या गलक्यातून, अगदी शांतपणे, एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज येतो.

“चला, बाई. कड्या काढायच्या राहिल्यात.”